शेजारचं ताट आणि हिरवा ठिपका



डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप फिरू लागतात. पहिला जाड अक्षरांत असतो. नाताळ आपला सण नाही, शेजारून ताट आलं तर घेऊ नका, नातवंडांना लाल टोपी घालून शाळेत पाठवू नका, वगैरे. दुसऱ्यात रंगीत चित्र असतं. 'शंभर टक्के जैन प्लम केक', सोबत चॉकलेटं, मेणबत्ती, चकचकीत खोका, रेशमी फीत आणि खाली ऑर्डर देण्याची शेवटची तारीख. गंमत म्हणजे पुष्कळदा एकच बाई सकाळी पहिला निरोप पुढे पाठवते आणि दुपारी दुसऱ्याखाली 'माझे दोन' असं लिहिते.

वरवर पाहता हे दोन निरोप एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला विचाराल तर ती एकाच अज्ञानाची दोन तोंडं आहेत. दोन्हींतला नाताळ दुकानाच्या काचेमागचा आहे. एकीला तो नकोसा वाटतो, दुसरीला हवासा वाटतो, एवढाच काय तो फरक. आपल्या भिंतीपलीकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनी जो नाताळ करत आल्या, तो दोघींच्याही गावी नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. शेजारणीनं घरी करून पाठवलेलं ताट हे बाजारातल्या 'जैन' खोक्यापेक्षा आपल्या आचाराला जास्त जवळचं आहे. ताट आणणारीला 'यात काय घातलंय' असं विचारता येतं. खोक्याला विचारता येत नाही.

मी लग्न होऊन सांगलीकडून वसईला आले, त्याला चाळीसेक वर्षं झाली. वसईतल्या गावांत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. घरात बोलतात ती मराठीचीच बोली, प्रार्थनाही मराठीत. जुन्या बायका अजून लाल लुगडं नेसतात. यांच्या घरी नाताळची चाहूल लागते ती स्वयंपाकघरातून. झाड आणि चांदणी नंतर येतात, आधी नारळ फुटतात.

कलकल घ्या. गोव्यात त्यालाच कुलकुल म्हणतात. मैदा, थोडं तूप, नारळाचं घट्ट दूध, चिमूटभर मीठ आणि साखर, एवढ्यात पीठ मळायचं. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अलगद गुंडाळत उचलायची. रेघारेघांचा छोटा शंख तयार होतो. तो तळायचा, वरून पाकात घोळवायचा. किलोभर पिठाचे असे किती शंख होतील याचा विचार करा. एकटी बाई बसली तर रात्र सरेल. म्हणून या कामाला सगळं घर बसतं. नवरे, दीर, कॉलेजातली मुलं, शाळेतली पोरं, डोळ्यांनी अधू झालेली आजी, सगळ्यांच्या हातात एकेक काटा. हा पदार्थच असा आहे की तो एकटीनं करायचा नसतो.

गोव्यातला दोदोल पाहा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. एवढ्या तीन गोष्टी, पण कढईत तासन्‌तास ढवळत राहावं लागतं. हात थांबला की खाली लागलंच. मग पाळ्या लावाव्या लागतात. हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर आटवून वड्या पाडतात, तिला 'दोस' म्हणतात. पेरूचा गर साखरेत आटवून 'पेराद' करतात. आणि नेवऱ्या. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

हे सगळं कशासाठी? घरच्यांनी खाण्यासाठी थोडं आणि वाटण्यासाठी जास्त. पोर्तुगालमध्ये 'कोन्सुआद' म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. गोव्यात आल्यावर त्या शब्दाचा अर्थ बदलला. तिथं कोन्सुआद म्हणजे शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे झाकून पाठवायचं गोडाचं ताट. मंगळूरकडे त्याचंच 'कुस्वार' झालं. ते ताट ख्रिस्ती घरांपुरतं थांबत नाही. ते हिंदू शेजाऱ्याकडे जातं आणि चवथीला, दिवाळीला त्या घरातून उलट ताट येतं. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असेल, ते घर गोडधोड करत नाही. शेजारी त्यांना आठवणीनं पाठवतात. आता मला सांगा, माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला आपण फराळ पोचवतो, तो याहून वेगळा कुठे आहे?

आता नेवऱ्या. रवा किंवा मैद्याची पारी, आत खोबरं, साखर, वेलची, तीळ, चारोळी. कातणीनं कापायची, तुपात तळायची. ओळखलंत ना? ही आपली करंजी. नाव बदललं, सण बदलला, हात तोच राहिला.

तो कसा राहिला हे जाड अक्षरांचे निरोप पाठवणाऱ्यांनी जरूर वाचावं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म तपासणारं न्यायालय, १५६० साली सुरू झालं आणि १८१२ साली कायमचं बंद झालं. १७३६ साली त्यानं एक लांबलचक फर्मान काढलं. त्यात नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या चालीरीती कशा टाकायच्या याची यादी होती. लग्नातल्या विधींपासून तुळशीपर्यंत बंद्या होत्या. भात कसा शिजवायचा हेसुद्धा त्यात होतं. मीठ न घालता भात शिजवून नंतर वरून मीठ घेणं ही हिंदूंची रीत म्हणून तीही बंद. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात हे फर्मान मिळतं. विचार करा, सत्ता भाताच्या पातेल्यात डोकावत होती. तरीही करंजी टिकली. बायकांनी भांडण केलं नाही, मोर्चा काढला नाही. करंजी नाताळात नेली आणि लाटत राहिल्या.

म्हणून कोणी मला सांगितलं की हे ताट परक्यांचं, तर मी विचारते, यातलं परकं काय? तांदूळ, नारळ, गूळ, हरभऱ्याची डाळ, तीळ, वेलची? 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांचा, हे खरं. पण मग आपल्या लग्नाच्या रुखवतातली काजूकतली कुठली? काजू, पेरू, पपई, अननस, हिरवी मिरची हे सगळं पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच अमेरिकेहून इकडे आलं. मिरचीचा ठेचा खाऊन, काजूकतली वाटून आपण नेवरीला परकी म्हणायचं, हे जरा जास्तच झालं.

उलट ज्याला आपण नाताळची 'खरी' परंपरा समजतो, त्या गोष्टी आपल्या देशात अलीकडच्या आहेत. सजवलेलं झाड इंग्लंडातसुद्धा घरोघरी पोचलं ते १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. आपल्याकडच्या प्लम केकची गोष्ट केरळातल्या थलश्शेरीची सांगतात. १८८३ साली मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्यानं एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला. म्हणजे केक आला तोच मुळी बेकरीतून. घरातून आले ते कलकल, दोदोल आणि नेवऱ्या. आणि आपण काय करतो? घरातून आलेलं परत पाठवतो आणि बेकरीतलं आगाऊ पैसे भरून मागवतो.

आता आचाराचा मुद्दा. तो टाळून मी पुढे जाणार नाही, कारण तो खरा आहे. अंडं, मद्य, मध, कंदमूळ आपल्याला वर्ज्य. त्यात तडजोड करा असं मी कोणालाही सांगत नाही. पण मग ताटाकडे नीट बघा तरी. बेबिंक आपल्याला चालणार नाही, त्याचे थर अंड्याच्या बलकाचेच असतात. वसईकडच्या फुग्यांत अंडं असतं, पीठ फुगवायला पूर्वी ताडी घालत, आता यीस्ट. तेही नको. फळं रममध्ये भिजवलेला केक अर्थातच नको. काही घरांत कलकलातही अंडं घालतात, तेव्हा तिथं विचारायला हवं. पण दोदोल? दोस? खोबऱ्याच्या नेवऱ्या? नारळाच्या दुधातले साधे कलकल? यांत वर्ज्य काय आहे ते मला दाखवा. बहुबीज न खाणाऱ्यांनी पेराद सोडावी आणि नेवरीत खसखस आहे का ते विचारून घ्यावं. संपलं.

आणि आता दुसऱ्या बाजूचा खोका उघडू. 'एगलेस' लिहिलेलं आहे, हिरवा ठिपका आहे, म्हणून आपण निर्धास्त. मैत्रिणींनो, त्या ठिपक्याचा नियम कधी वाचला आहे का? आपल्या देशात मांसाहारी पदार्थाची जी सरकारी व्याख्या आहे, त्यातून दूध तर वगळलंय, सोबत मध, मधमाशीचं मेण आणि लाखही वगळली आहे. म्हणजे मध घातलेल्या केकवर हिरवा ठिपका कायदेशीर आहे. चकाकी यावी म्हणून लाखेचा थर दिलेल्या गोळ्यांवरही तो कायदेशीर आहे. लाख किड्यांपासून मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सरकारचं यात काही चुकलं नाही, त्यांनी आपल्या श्रावकाचारासाठी नियम केलेला नाही. चुकतो ते आपण, सरकारी ठिपक्याला धर्माचा दाखला समजतो. आणि 'जैन' हा शब्द खोक्यावर छापायला फक्त शाई लागते. कोणत्या तव्यावर, कोणत्या भट्टीत, कोणत्या ट्रेच्या शेजारी तो केक भाजला, हे तुम्ही कोणाला विचारणार? फोन उचलणाऱ्या मुलीला? तिलाही तो खोका आयताच मिळालेला असतो.

शेजारणीला मात्र विचारता येतं. आमच्या शेजारच्या मावशींना मी पहिल्या एक-दोन वर्षांतच सांगितलं होतं की आम्ही अंडं खात नाही, मासे तळलेलं तेल चालत नाही, सूर्यास्तानंतर खात नाही. त्यांनी एवढंच विचारलं, 'मग पहिला घाणा तुमचा करू का?' तेव्हापासून ताज्या तेलातला, वेगळ्या कढईतला पहिला घाणा आमचा. ताट दिवसाउजेडी येतं. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, दोन-चार तास डोळा लागला न लागला तोच उठून ते झाकून आणतात. इतकी काळजी घेणारं बेकरीचं दुकान मला अजून भेटलेलं नाही.

ज्यांचं सोवळं याहून कडक आहे, ज्या फक्त शोधाचंच खातात, त्यांनी हे ताट घेऊ नये. पण मग तसं तोंडावर सांगावं. 'माझं व्रत आहे, बाहेरचं काहीच चालत नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत' असं हात जोडून म्हटलं तर कोणाचाही अपमान होत नाही. उपास-तापास, व्रतं त्यांच्याही धर्मात आहेत. इस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा काळ ते पाळतात. व्रताचा अर्थ त्यांना कळतो.

न कळणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्यावर मला खरा राग आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी ताट हसत घेतात, 'वा, किती छान, थँक्यू' म्हणतात, दार लावतात आणि ते जसंच्या तसं कामवालीच्या डब्यात ओततात. नाहीतर थेट कचऱ्यात. वर मंदिरात कोणी विचारलं तर सांगायचं, 'आम्ही काही खाल्लं नाही हो.' अहो, खाल्लं नाहीत, पण केलंत काय? क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांची नावं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यातली माया म्हणजे कपट. तोंडावर एक, दाराआड दुसरं. तेल चुकीचं पोटात जाईल म्हणून जपायचं आणि मनात कपट साठवायचं, याला कोणता श्रावकाचार म्हणायचं? एका बाईचे कष्ट, नारळ, तूप, तिची जागरणं टाकून द्यायची, ही हिंसा नाही का? आणि जे आपल्याला 'अशुद्ध' ते कामवालीला 'चालतं', हा मानकषायही त्यातच आला. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या जीवांना 'उत्तम क्षमा' म्हणणाऱ्या आपण. भिंतीपलीकडच्या एका जिवाला खरं सांगायला आपली जीभ का अडखळते?

आता खोकेवाल्यांचा हिशोब. मी कॉमर्सची पदवीधर आहे, संसाराची वही अजून लिहिते, त्यामुळे 'घरी करणं परवडत नाही' हे वाक्य मला सहज पचत नाही. गेल्या दिवाळीच्या पन्नास करंज्यांचा माझा खर्च असा. मैदा, रवा, खोबरं, साखर, चारोळी, वेलची, तूप आणि गॅस मिळून ५५० रुपये. मी आणि सून तीन तास बसलो. बाईच्या वेळेची किंमत शून्य धरायची सवय मला मान्य नाही, म्हणून ताशी १०० रुपये दरानं दोघींची मजुरी ६०० धरली. एकूण ११५०, म्हणजे नग पडला २३ रुपयांना. बाजारात त्याच आठवड्यात किलोचा भाव ७६० रुपये होता आणि किलोत २८ बसल्या. नग २७. म्हणजे मजुरी धरूनही घरचं महाग पडलं नाही.

पण हा मुद्दा मला चार रुपयांवर जिंकायचा नाही. उद्या बाजार स्वस्त झाला तर काय करणार? खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला कॉलेजातल्या अकाउंट्सच्या पुस्तकानंच शिकवला. 'गुडविल' नावाची एक गोष्ट असते. धंद्याचं नाव, पत, लोकांचा विश्वास. हिशोबाचा नियम असा की विकत घेतलेली गुडविल तेवढी वहीत मालमत्ता म्हणून दाखवता येते. स्वतः वर्षानुवर्षं कमावलेली गुडविल दाखवता येत नाही, कारण तिची किंमत नेमकी मोजताच येत नाही. तेव्हा मला हा नियम उफराटा वाटायचा. आता वाटतं, संसारात हेच चाललंय. बाराशे रुपयांचे बारा खोके पाठवले, १४,४०० रुपये खर्ची पडले, यादीवर बारा खुणा झाल्या. ही विकत घेतलेली गुडविल. मोजता येते, दाखवता येते, स्टेटसवर फोटो टाकता येतो. पहिला घाणा वेगळ्या कढईत काढणाऱ्या मावशींची गुडविल कोणत्याच वहीत बसत नाही. पण रात्री दोन वाजता घरात कोणाच्या छातीत दुखलं तर तुम्ही खोका पाठवणाऱ्याला फोन करणार की भिंतीवर थाप मारणार?

शिवाय खोका फिरतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आलेला खोका न उघडता पुढच्या घरी जातो. घरी केलेलं ताट असं पुढे ढकलता येत नाही. ते रिकामं करून, धुऊन परत द्यावं लागतं आणि आपल्याकडे ताट रिकामं परत देत नाहीत. म्हणजे त्या ताटाबरोबर एक काम येतं, एक देणं येतं. लोकांना नको झालंय ते हे देणं. 'हॅम्पर पाठवला, विषय संपला.' सणाला विषय संपवायचा असतो का? सणाला तो सुरू करायचा असतो.

इथे तरुण सुना म्हणतील, 'आई, तुम्हाला बोलायला काय जातं. आम्ही आठला घर सोडतो, आठला येतो. हे सगळं पुन्हा आमच्याच मानगुटीवर?' ही तक्रार रास्त आहे आणि परंपरेच्या नावानं गळा काढणारे नेमकी तीच ऐकून घेत नाहीत. फराळ म्हणजे एका बाईनं ओट्याशी तीन रात्री उभं राहायचं आणि बाकीच्यांनी चव सांगायची, अशी जर परंपरा असेल तर ती मोडलेलीच बरी. म्हणूनच मी कलकलाचं उदाहरण दिलं. पुरुषानं काटा हातात घेतला म्हणून तिथं कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यात काही विशेष आहे असं कोणाला वाटतच नाही. आमच्या शेजारच्या काकांचे कलकल मावशींपेक्षा रेखीव होतात. आपल्या किती घरांत मुलगा करंजी कातायला बसतो? निर्वाण लाडूसुद्धा आता मिठाईवाल्याकडून येतो, महावीरांना चढवायचा लाडू! आणि तो वळायला घरातल्या पुरुषांना वेळ नसतो. शेजाऱ्यांचं काही घ्यायचंच असेल तर झाड आणि टोपी घेण्यापेक्षा ही बैठक घ्या.

पाच पदार्थ करू नका. एक करा, पण सगळ्यांनी मिळून. त्यांच्याकडेही सगळ्यांना आता जमत नाही, मुली नोकऱ्या करतात, परदेशी जातात. मग गावातली कोणीतरी बाई घरी करून विकते, तिच्याकडून घेतात. त्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. तिच्या दारात जाऊन विचारता येतं, तिच्या कष्टाचे पैसे तिच्याच हातात पडतात. आपल्यातही अशा बायका आहेत, शोधाचा फराळ करून देणाऱ्या. खोक्यांचे पैसे त्यांच्याकडे वळवा.

आता हे वाचून 'मग करायचं काय' असं विचारणाऱ्यांसाठी चार कामं, नाताळ येण्याआधी करायची.

एक, शेजारी ख्रिस्ती घर असेल तर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जाऊन आपलं काय चालतं, काय चालत नाही ते मोकळेपणानं सांगून या. ताट दारात आल्यावर कुजबुजू नका.

दोन, व्रतामुळे घेता येत नसेल तर तसं सांगा आणि त्याच वेळी आपलं काहीतरी त्यांना द्या. संक्रांतीचे तिळाचे लाडू तीन आठवड्यांवर असतात. ज्याला घेता येत नाही त्याला देता तर येतं.

तीन, ताट रिकामं परत पाठवू नका. त्यात जे घालाल ते तुमच्या घरच्या हाताचं असू द्या, चार शंकरपाळ्या का असेनात.

चार, नातवंडांना पाठवा त्यांच्याकडे कलकल वळायला. लाल टोपी घालून शाळेत नाचल्यानं मुलं ख्रिस्ती होत नाहीत, तशी शहाणीही होत नाहीत. पण शेजारच्या आजीच्या पाटाला पाट लावून, काट्याच्या पाठीवर पीठ दाबून जो शंख निघतो, तो त्यांच्या लक्षात राहील. 'यात अंडं आहे का?' हे लाजता-घाबरता न विचारता विचारायला ती तिथंच शिकतील. आपला आचार सांभाळून दुसऱ्याच्या घरात कसं बसायचं हे जगात कुठेही गेली तरी त्यांना उपयोगी पडणार आहे, आणि ते कोणत्याच खोक्यातून मिळत नाही.

आणि ग्रुपवर तो जाड अक्षरांचा निरोप आला, की एवढंच करा. पुढे पाठवण्याआधी पाठवणारीला विचारा, 'ताई, तुमच्या शेजारणीचं नाव काय?' उत्तर आलं तर मला कळवा.

जय जिनेंद्र.